किती शोधलं आणि काय गाळलं? : आरोग्य-संशोधनातल्या आढाव्यांचं लेखन

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. पद्धतशीर आढावे, म्हणजे ज्याला सगळे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात, ते कसे लिहिले जातात आणि कसे लिहिले जायला हवेत, याबद्दल आम्ही बोलणार आहोत. पण सुरुवात पुण्यापासून करू.

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. तुमच्यापैकी जे तेव्हा पुण्यात होते त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आठवत असतील. तोंडाला रुमाल बांधलेले लोक, बंद शाळा, बंद थिएटरं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव : टॅमिफ्लू. हे औषध त्या वेळी दुकानात मिळत नव्हतं, सरकारी रुग्णालयातूनच दिलं जात होतं. त्यामुळे ते मिळालं की सुटलो, अशीच भावना होती. ती भावना चुकीची होती असं आम्ही म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? आमचा प्रश्न वेगळा आहे. या औषधाने न्यूमोनिया टळतो, दवाखान्यात दाखल व्हावं लागत नाही, हे जगभरच्या डॉक्टरांना आणि सरकारांना कोणी सांगितलं होतं? आणि ज्यांनी सांगितलं त्यांना ते कुठून कळलं?

त्याचं एक उत्तर असं, की एका आढाव्याने सांगितलं होतं. तोही साधासुधा आढावा नव्हे. कॉक्रेन या संस्थेचा, ज्यांचे आढावे या क्षेत्रात सर्वांत काटेकोर मानले जातात.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. एखाद्या औषधावर जगात वीस-पंचवीस चाचण्या झालेल्या असतात. काही म्हणतात उपयोग होतो, काही म्हणतात होत नाही. आढावा लिहिणारे लोक आधी प्रश्न ठरवतात, मग सगळ्या चाचण्या शोधतात, निकष लावून काही घेतात, काही गाळतात, घेतलेल्यांचा दर्जा तपासतात आणि जमलं तर आकडे एकत्र करतात. आकडे एकत्र करण्याच्या भागाला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. आपल्याकडे बातमीत ‘अनेक अभ्यासांच्या विश्लेषणातून सिद्ध’ असं येतं, ते बहुतेक वेळा यावरून आलेलं असतं.

आता टॅमिफ्लूकडे परत. कॉक्रेनचा २००६ चा आढावा म्हणाला होता की ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लूतलं औषध, फ्लूनंतरच्या श्वसनमार्गाच्या गुंतागुंती कमी करतं. जुलै २००९ मध्ये केइजी हायाशी नावाच्या जपानमधल्या बालरोगतज्ज्ञांनी त्या आढाव्यावर एक प्रतिक्रिया लिहून पाठवली. साधी प्रतिक्रिया होती. गुंतागुंती कमी होतात हा निष्कर्ष तुम्ही मुख्यतः २००३ सालच्या एका लेखावर बेतला आहे. त्या लेखात दहा चाचण्यांचे आकडे एकत्र केले आहेत. पण दहांपैकी फक्त दोन चाचण्या नियतकालिकांत छापून आल्या आहेत. उरलेल्या आठ कुठे आहेत? आणि त्या लेखाच्या लेखकांत औषध बनवणाऱ्या रोश कंपनीची माणसंही आहेत, मग त्या आठांवर तुम्ही विश्वास कशाच्या आधारे ठेवलात?

या प्रश्नाचं उत्तर आढावा लिहिणाऱ्यांकडे नव्हतं. टॉम जेफरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी ते मान्य केलं. त्यांनी मूळ कागद मागायला सुरुवात केली, आणि ते पूर्ण मिळेपर्यंत २०१३ उजाडलं. मधल्या चार वर्षांत बीएमजे या नियतकालिकाने पत्रव्यवहार जाहीर करत हा विषय लावून धरला. शेवटी जे हाती आलं ते नियतकालिकातले आठ-दहा पानी लेख नव्हते. ते कंपन्यांनी औषध-नियामकांसाठी तयार केलेले चाचण्यांचे सविस्तर अहवाल होते. टॅमिफ्लू आणि त्याच्या जातीचं झानामिविर मिळून ४६ चाचण्या, आणि पानं एक लाख साठ हजारांच्या वर. त्यात टॅमिफ्लूची सर्वांत मोठी उपचार-चाचणी होती, चौदाशेहून अधिक रुग्णांची, जी कधी छापलीच गेली नव्हती.

एप्रिल २०१४ मध्ये नवा आढावा आला. मोठ्या माणसांत लक्षणं सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत कमी होतात. दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण घटतं असा पुरावा सापडला नाही. न्यूमोनिया कमी झाल्याचं दिसतं, पण तो न्यूमोनिया बहुतेक ठिकाणी रुग्णाने सांगितलेला, एक्स-रे काढून खात्री न केलेला. मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात. दरम्यान एकट्या ब्रिटनने टॅमिफ्लूच्या साठ्यावर ४२.४ कोटी पौंड खर्च केले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाद तिथे संपला नाही. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये दुसरं विश्लेषण आलं, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र माहिती घेऊन केलेलं, आणि ते म्हणालं की ज्यांना खरोखर फ्लूचाच संसर्ग होता त्यांच्यात अँटिबायोटिक लागण्यासारख्या गुंतागुंती कमी झाल्या. त्याला पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानला रोशकडून विनाअट अनुदान होतं, हे त्या लेखात लिहिलेलं आहे. मग खरं कोण? आमचं म्हणणं एवढंच की हा प्रश्न आज आपण निदान नीट विचारू शकतो. एकाने फ्लूसारखी लक्षणं असलेले सगळे रुग्ण मोजले, दुसऱ्याने संसर्ग सिद्ध झालेले वेगळे काढले, हे दोन्हीकडे लिहिलेलं आहे. २००६ च्या वाचकाला हे भांडणसुद्धा करता येत नव्हतं. आठ चाचण्या अदृश्य आहेत, हेच त्याच्या डोळ्यांसमोर ठळकपणे आलं नव्हतं.

म्हणून आम्ही आढाव्याच्या लेखनाला इतकं महत्त्व देतो. लेखन म्हणजे भाषेची सफाई नव्हे. काय शोधलं, कुठे शोधलं, कधीपर्यंतचं शोधलं, काय सापडलं नाही, काय सापडूनही गाळलं आणि का गाळलं, हे सगळं वाचकासमोर मांडणं. किराणा दुकानदार बिलावर नुसता ‘एकूण’ लिहून देत नाही, एकेक जिन्नस लिहितो. डाळीचा भाव चुकलाय हे आपण त्यामुळेच पकडतो. आढाव्यात मात्र आपण वर्षानुवर्षं ‘एकूण’ बघूनच पैसे देत आलो.

हे लक्षात आलं त्यालाही बराच काळ झाला. १९८७ मध्ये सिंथिया मलरो यांनी चार नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले पन्नास आढावा-लेख तपासले. आठ निकष लावले. आठपैकी सहा निकष पूर्ण करणारा लेख निघाला फक्त एक. त्याच्या पुढे कोणी गेलाच नाही. म्हणजे मोठमोठे प्राध्यापक आपल्या विषयावर ‘आढावा’ लिहीत होते, आणि पुरावा कसा निवडला हे सांगण्याची त्यांना गरजच वाटत नव्हती. अधिकारवाणी पुरेशी होती.

मग १९९९ मध्ये क्वोरम नावाची एक तपासयादी आली, आणि २००९ मध्ये तिच्या जागी प्रिझ्मा. आठवून बघा, २००९, म्हणजे पुण्यात रांगा लागल्या तेच वर्ष. २०२१ च्या मार्चमध्ये तिची सुधारित आवृत्ती छापली गेली, ती प्रिझ्मा २०२० या नावाने ओळखली जाते. मॅथ्यू पेज, डेव्हिड मोहर आणि इतरांनी केलेली. सत्तावीस कलमं आहेत. आम्ही ती आज वाचून दाखवणार नाही, घाबरू नका. पण काही कलमांवर थांबणार आहोत, कारण आमची तक्रार तिथेच आहे.

आधी चांगलं काय ते. एक कलम सांगतं की प्रत्येक माहितीसाठ्यात तुम्ही नेमके कोणते शब्द टाकून शोध घेतला ते सगळं द्या. आधीच्या आवृत्तीत एका साठ्याचं दिलं तरी चालत होतं. एक कलम सांगतं की जे अभ्यास निकषात बसतात असं वाटेल पण तुम्ही गाळले, ते नावानिशी सांगा आणि कारण द्या. एक कलम सांगतं की आधी नोंदवलेल्या आराखड्यात नंतर काय बदललं ते लिहा. आणि तो प्रसिद्ध आराखडा-चौकटीचा, वरून खाली येणारे बाण. त्यात आता ‘मागवले पण मिळाले नाहीत’ अशी एक वेगळी चौकट आहे. ही चौकट आम्हाला फार आवडते. टॅमिफ्लूच्या जुन्या आढाव्यात ती असती आणि तिच्यात ‘८’ हा आकडा असता, तर हायाशींना पत्र लिहावं लागलं नसतं. निदान कोणीतरी तीन वर्षं आधी लिहिलं असतं.

आता तक्रार. आढाव्यांचा पूर आलेला आहे. २०१६ मध्ये पेज आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१४ या एका महिन्यात नोंदले गेलेले आढावे मोजले. ६८२ निघाले. वर्षाला आठ हजारांच्या आसपास, दिवसाला बावीस. त्यातले तीनशे त्यांनी उघडून वाचले. किमान एक तृतीयांश आढाव्यांत आराखड्याचा उल्लेख नाही, किंवा संपूर्ण शोधसूत्र नाही, किंवा माहिती कशी उतरवून घेतली ते नाही, किंवा पैसा कोणी दिला ते नाही. हे प्रिझ्मा पहिल्यांदा छापून पाच वर्षं झाल्यावरचं चित्र आहे. त्याच वर्षी जॉन इओअनिडिस यांनी लिहिलं की १९९१ ते २०१४ या काळात वर्षाला छापल्या जाणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांची संख्या २,७२८ टक्क्यांनी वाढली, तर एकूण वैद्यकीय लेखांची १५३ टक्क्यांनी. एवढे आढावे लागतात कशाला? खरं सांगायचं तर बऱ्याचदा पदवीसाठी, बढतीसाठी. रुग्णाला हात न लावता, लॅपटॉपवर बसून होणारं हे संशोधन आहे. आम्ही कोणाला नावं ठेवत नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण त्या व्यवस्थेत प्रिझ्माचं काय झालं, ते बघा.

प्रिझ्मा शिक्का झाली. ‘हा आढावा प्रिझ्मानुसार केला आहे’ असं वाक्य पद्धतीच्या भागात पहिल्याच ओळीत येतं. आता प्रिझ्मा लिहिणाऱ्यांनी स्वतः स्पष्ट सांगितलंय की ही यादी आढावा कसा करावा यासाठी नाही, आणि आढाव्याचा दर्जा मोजण्यासाठीही नाही. केलेलं काम कसं सांगावं, एवढ्यासाठीच ती आहे. म्हणजे ‘प्रिझ्मानुसार केला’ हे वाक्य म्हणजे ‘पोहे पाककृतीच्या पुस्तकाच्या छपाईनुसार केले’ असं म्हणण्यासारखं. तरीही ते चालतं. परीक्षक टिकमार्क बघतात, संपादक जोडपत्र बघतात, पुढे जातात.

ते जोडपत्र आम्ही उघडून बघतो, ही आमची वाईट खोड आहे. त्यात प्रत्येक कलमासमोर पान क्रमांक लिहायचा असतो. लिहिलेलं असतं : शोधसूत्र, पान ४. पान चारवर जावं तर तिथे वाक्य : ‘योग्य शब्द वापरून शोध घेण्यात आला.’ योग्य म्हणजे कोणते? एका आढाव्यात, नाव घेत नाही, बाणांच्या चित्रातली बेरीज जमत नव्हती. वरच्या चौकटीतून जितके गाळले म्हटलं होतं ते वजा केलं तर खाली वेगळाच आकडा यायला हवा होता. कदाचित टंकनदोष असेल. पण गाळलेल्यांची यादी दिलेली नव्हती, त्यामुळे टंकनदोष की आणखी काही, हे ठरवायला मार्गच नव्हता. आम्ही लेखकांना ईमेल केला. उत्तर आलं नाही. ‘विनंती केल्यास माहिती उपलब्ध’ या वाक्याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेलच.

यावर काही जण म्हणतात, हे बारीकसारीक झालं, निष्कर्ष बदलतो का? बदलतो. आता दुसरी गोष्ट सांगतो, आणि ही गोव्यापर्यंत येते.

१० मे २०२१. दुसरी लाट. गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरील सगळ्यांना, कोविड असो वा नसो, आयव्हरमेक्टिन देणार. रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं, खरजेवरचं जुनं आणि चांगलं औषध. मृत्यू कमी होतात असं परदेशातल्या तज्ज्ञांना आढळलंय, हे कारण दिलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच म्हटलं होतं की कोविडसाठी हे फक्त चाचण्यांमध्ये वापरा. त्या दिवसांत ऑक्सिजन मिळत नव्हता, बेड मिळत नव्हता, हे आम्ही विसरलेलो नाही. तशा वेळी स्वस्त गोळी हातात असताना नाही म्हणणं सोपं नसतं. पण मृत्यू कमी होतात हे कुठून आलं? मेटा-अ‍ॅनालिसिसमधून. आणि त्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये मोठं वजन असलेला एक अभ्यास इजिप्तमधला होता, फक्त प्रीप्रिंट म्हणून ठेवलेला, कोणत्याही नियतकालिकाने न तपासलेला.

जुलै २०२१ मध्ये तो प्रीप्रिंट काढून घेण्यात आला. लंडनमधल्या जॅक लॉरेन्स नावाच्या विद्यार्थ्याने त्यातली माहिती उघडून बघितली होती. काही रुग्णांचा मृत्यू अभ्यास सुरू होण्याच्या आधीच झालेला दिसत होता. काही नोंदी एकसारख्या, जणू कॉपी-पेस्ट. तो अभ्यास वगळला की मृत्यू घटल्याचा दावा ढेपाळतो, हे नंतर दिसून आलं. त्याच जुलैत कॉक्रेनचा आढावा आला होता : १४ अभ्यास, १,६७८ रुग्ण, निष्कर्ष एवढाच की उपयोग होतो की नाही हे या पुराव्यावरून सांगता येत नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून आयव्हरमेक्टिन वगळलं गेलं.

आता इथे प्रिझ्माचा बचाव आणि प्रिझ्मावर टीका, दोन्ही एकदमच करावं लागतं. बचाव असा : कोणते अभ्यास घेतले, प्रत्येकाचं वजन किती, हे नीट लिहिलेलं असल्यामुळेच लोकांना कळलं की हा एक दगड काढला तर भिंत हलते. लिहिलंच नसतं तर काहीच कळलं नसतं. टीका अशी : सत्तावीसच्या सत्तावीस कलमं पाळूनही खोट्या माहितीवर उभा असलेला आढावा निर्दोष दिसू शकतो. कारण यादी विचारते की अभ्यासातल्या पक्षपाताचा धोका कसा तपासला. हा अभ्यास मुळात झालाच का, हे रुग्ण खरे आहेत का, हे ती विचारत नाही. आढाव्याची सगळी इमारत या विश्वासावर आहे की समोरच्याने जे लिहिलं ते केलंय. लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर नेचर मेडिसिनमध्ये म्हटलं की नुसत्या सरासऱ्यांवर आधारलेली मेटा-अ‍ॅनालिसिस मुळातच विसंबण्याजोगी नाहीत, प्रत्येक रुग्णाची माहिती मागा. हे जरा टोकाचं आहे असं आमचं मत. तसं केलं तर जुन्या असंख्य चांगल्या चाचण्या वाया जातील, कारण त्यांची मूळ माहिती आता कोणाकडेच नाही. पण ‘आम्ही मूळ माहिती मागितली का, कोणी दिली, कोणी दिली नाही’ हा एक रकाना प्रत्येक अभ्यासासमोर का असू नये? त्याला खर्च येत नाही. टॅमिफ्लू आणि आयव्हरमेक्टिन, दोन्हीकडे त्या एका रकान्याने वाचकाला सावध केलं असतं.

चॅटमध्ये एका ताईंचा प्रश्न आलाय, तो मधेच घेतो. त्या तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतात. विचारतात, ‘आम्हाला पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडतच नाही, फक्त सारांश दिसतो. मग या सत्तावीस कलमांचा आम्हाला काय उपयोग?’

ताई, तुम्ही आमच्या भाषणातली सर्वांत मोठी फट दाखवलीत. बहुसंख्य डॉक्टर सारांशच वाचतात, आणि पत्रकार तर त्याचीही पहिली दोन वाक्यं. प्रिझ्मामध्ये सारांशासाठी वेगळी यादी आहे. पुराव्याच्या मर्यादा सारांशातच सांगा, पैसा कोणी दिला ते तिथेच सांगा, असं ती म्हणते. पण सारांशाची शब्दमर्यादा अडीचशे-तीनशे, आणि कात्री लागते ती नेमकी मर्यादांना. ‘मृत्यू कमी झाले’ राहतं, ‘तीन लहान अभ्यासांत, खात्री कमी’ हे जातं. आम्हाला विचाराल तर संपादकांनी इथे हट्ट धरावा. बाकी सव्वीस कलमांत एखादं सुटलं तर एक वेळ चालेल, पण निष्कर्षाच्या वाक्यातच खात्री किती ते लिहिलं नसेल तर लेख परत पाठवावा.

आणि तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन गोष्टी फुकट बघता येतात. एक, प्रोस्पेरो नावाची नोंदणी आहे, यॉर्क विद्यापीठाने २०११ पासून सुरू केलेली. सारांशात नोंदणी क्रमांक असेल तर तिथे जाऊन मूळ आराखडा बघा. मुख्य परिणाम म्हणून आधी काय ठरवलं होतं आणि छापताना काय पुढे आणलं, एवढं जरी ताडून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. मृत्यू मोजायचे ठरवले होते आणि सारांशात ताप उतरण्याचे तास आले असतील, तर थांबायचं. दुसरं, लेख बंद असला तरी जोडपत्रं अनेकदा खुली असतात. बाणांचं चित्र काही वेळा तिथेच असतं. ‘मिळाले नाहीत’ ही चौकट शोधा. ती नसेल तर आढावा जुन्या पद्धतीचा आहे. ती असेल आणि तिच्यात शून्य लिहिलेलं असेल, तर मात्र आम्ही जरा जास्तच लक्ष देऊन वाचतो. जगभरातून मागवलेला प्रत्येक कागद मिळाला, असं फार कमी वेळा होतं.

पुढचा प्रश्न घेऊ. आवाज येतोय का सगळ्यांना?